काळमेघ साहेबांचा ढीग

सावरखेडच्या वीज केंद्रातले कोळशाचे ढीग कधी एका जागी टिकत नाहीत. मालगाडी रिकामी झाली की ते फुगतात आणि बॉयलर रात्रंदिवस खात राहिला की चार-सहा दिवसांत बसतात. याला एकच ढीग अपवाद होता. यार्डाच्या उत्तर टोकाला, कुंपणाच्या बाभळींना खेटून तो वर्षानुवर्षं पडून होता. माथा चपटा, कडा उतरत्या, उंची दुमजली घराएवढी. कार्यालयाच्या कागदांत त्याला राखीव साठा म्हणत. बाकी सगळे त्याला काळमेघ साहेबांचा ढीग म्हणत.

महादेवराव काळमेघ कोळसा विभागाचे प्रमुख होते, तेव्हा त्यांनी तो रचला होता. कोळसा नुसता ओतून ठेवला तर तो आपल्या आपण तापतो. फटींतून वारा शिरतो, आत ऊब साठत जाते आणि उन्हाळ्यात एक दिवस कडेतून धुराची रेघ निघते. वरून पाणी मारलं तर विझल्यासारखा दिसतो, आत पेटतच राहतो. महादेवरावांनी एका हिवाळ्यात निवडक कोळसा बाजूला काढला, हातभर जाडीचा थर पसरला, त्यावर डोझर फिरवून तो घट्ट दाबून घेतला, मग दुसरा थर. डोझरवर अब्दुल सत्तार असत. शेवटी कडा चेपून अशा बंद केल्या की वाऱ्याला शिरायला जागा नाही. साहेब कोळशाची भाकर थापून राहिले, अशी कँटीनमध्ये मस्करी चाले. पुढच्या मे महिन्यात बाकीचे ढीग धुमसले, हा धुमसला नाही. त्याच्या पुढच्याही मे महिन्यात नाही. मग मस्करी थांबली.

वाईट दिवसासाठी ठेवलाय, एवढंच महादेवराव सांगत. ते निवृत्त होऊन अमरावतीला राजापेठेत राहायला गेले, तरी तो दिवस काही आला नाही. यंदा होळीच्या आदल्या आठवड्यात ते गेले. सकाळी चहा मागितला आणि तो घ्यायला उठले नाहीत.

त्यांच्या खुर्चीवर आता त्यांची मुलगी होती. प्राजक्ता चंद्रपूर, भुसावळ असं फिरून, आपल्या बळावर आणि रीतसर बदलीनं सावरखेडला आली होती. कॉलनीत वाढलेली असल्यानं यार्डातली जुनी माणसं तिला फ्रॉकमधली असल्यापासून ओळखत. वडील असेपर्यंत ती सगळी तिला कटाक्षानं मॅडम म्हणत. ते गेल्यापासून सत्तारचाचांसारखे एक-दोघं बेटा म्हणू लागले होते. ते ऐकलं की तिच्या हातातलं काम क्षणभर थांबे, मग पुन्हा सुरू होई. तेरवी उरकून दुसऱ्याच दिवशी ती कामावर आली होती. आईनं अडवलं नाही. नागपूरहून, कोराडीहून फोन येत. पलीकडचे लोक महादेवरावांच्या आठवणींनी सुरुवात करत आणि कोळशाच्या आकड्यांवर संपवत. तिला हे सोयीचं वाटे. आकड्यांवर बोलता येत होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वादळ झालं. पाऊस नावापुरता, वारा मात्र असा की तिवस्याच्या पलीकडे उच्चदाब वाहिनीचे मनोरे गुडघ्यात मोडल्यासारखे बसले. त्याच वाऱ्यानं बडनेऱ्याच्या अलीकडे रेल्वेच्या तारांवर झाडं पडली. सकाळी मुख्य अभियंता चंद्रभान तायडे यांनी सगळ्यांना बोलावलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर ओला दुपट्टा होता आणि नजर भिंतीवरच्या नकाशावर.

परिस्थिती सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. पूर्वेकडची मोठी केंद्रं हवी तेवढी वीज बनवत होती, पण ती वऱ्हाडात आणणारी वाट मोडली होती. उरलेल्या वाटेनं येईल ती अपुरी. दिवसा भागत होतं. सूर्य तळपत होता, शेतांतले आणि गच्च्यांवरचे सौर पॅनेल वीज ओतत होते, सावरखेडला उलट भार कमी करायला सांगितलं जात होतं. खरी परीक्षा संध्याकाळची होती. सूर्य मावळला की ती सगळी वीज तासाभरात ओसरते, आणि नेमके तेव्हाच अकोल्या-अमरावतीचे कूलर, पंखे, दुकानं एकदम सुरू होतात. शेचाळीस अंशांत तापलेली घरं रात्री दहापर्यंत थंड होत नाहीत. अमरावतीचं पाणी लांबच्या धरणातून पंपांनी येतं. वरूडकडे संत्र्याची फळं झाडावर होती, एक पाणी चुकलं की गळणारी. केंद्रातलं एक युनिट दुरुस्तीसाठी उघडलेलं होतं. चालू होतं ते एकच, आणि या मुलखातल्या विजेच्या दाबाची पातळी धरून ठेवणारं दुसरं काही जवळपास नव्हतं. हे युनिट बंद पडलं तर भारनियमन तालुक्या-तालुक्यानं वाटून करावं लागणार होतं. शिवाय, पातळी एकदा कोसळली की वाटून घ्यायलाही काही उरत नाही, असं राज्यभर वीज वाटून देणाऱ्या भार प्रेषण केंद्राच्या माणसानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

आणि कोळसा नव्हता. मालगाड्या वर्ध्याच्या बाजूला अडकल्या होत्या. रेल्वेवाले उद्या दुपारचं बोलत होते. यार्ड खरवडून जेमतेम सूर्यास्तापर्यंत पुरेल एवढंच निघणार होतं.

तायडे प्राजक्ताकडे वळले. "तो तुमचा उत्तरेकडचा," ते म्हणाले आणि अडखळले. "तो राखीव साठा. चालेल का?"

"नाही सर," प्राजक्ता म्हणाली. "इतक्या वर्षांत त्यातला कस गेला असेल. आणि कड फोडली की आत हवा जाईल, पेटेल. जळता कोळसा पट्ट्यावर गेला तर पट्टाच जाईल. मग मालगाडी येऊनही उपयोग नाही."

कुणी वाद घातला नाही. पट्टा म्हणजे यार्डातून बॉयलरच्या बंकरपर्यंत कोळसा वाहणारी रबराची लांब वाट. ती जळाली तर केंद्र महिनाभर आडवं, हे सगळ्यांना माहीत होतं. शिवाय बोलणारी काळमेघांची मुलगी होती. तायड्यांनी मान हलवली, डोक्यावरचा दुपट्टा पुन्हा भिजवायला दिला आणि ते दुसऱ्या केंद्रांशी बोलायला आत गेले.

प्राजक्ता जिना उतरली. तिनं सांगितलेलं प्रत्येक वाक्य खरं होतं. पण उत्तर किती पटकन आलं होतं, याचा तिला आता विचार पडला. दुसऱ्या कुठल्याही ढिगाबद्दल विचारलं असतं तर ती म्हणाली असती, बघून सांगते. तिनं हेल्मेट घातलं आणि ती बघायला निघाली.

यार्डात सकाळी दहालाच जमीन भाजत होती. ढिगाच्या दक्षिण कडेला ती पोचली आणि थांबली. कडेत, छातीच्या उंचीवर, एक देवळी कोरलेली होती. आत महादेवरावांचा फोटो, सुकलेला झेंडूचा हार, खाली वाटीत थोडी राख. सावलीत बसून डबा खाणाऱ्या सफाईच्या बाया तिला पाहून उठल्या. त्यांतल्या बेबीताई पदर सावरत पुढे आल्या. मॅडमना आवडेल असं त्यांना वाटलं असावं, कारण त्या स्वतःहून सांगू लागल्या. तेरवीच्या दिवशी सगळ्यांना अमरावतीला जाता आलं नाही, म्हणून इथंच केलं. हार दर आठवड्याला बदलतात. या आठवड्यात फुलंच महाग.

"इथं का केलं, बेबीताई?"

"मंग कुठी ठेवाव साहेबाले? हापिसात? हापिसात ते बसले तरी होते का कधी?"

"आणि ही राख कसली?"

"उदबत्तीची." तिच्या चेहऱ्याकडे पाहून बेबीताईंनी घाईनं जोडलं, "रोज नाई लावत वो मॅडम. सोमवारीच फक्त."

प्राजक्तानं देवळीत हात घातला. दगड उन्हात तापतो तशी ऊब बाहेर होतीच. आतली ऊब निराळी होती, आतून येणारी. आणि वास होता. घासलेटासारखा, किंचित गोडसर. कोळशाच्या माणसाला तो वास धुराच्या आधी कळतो.

तिनं सळया मागवल्या. बंदुकीसारखा तापमापक तिच्या कमरेला होता, पण तो फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगतो. लांब लोखंडी सळई ढिगात ठोकून घालायची, थोडा वेळ तशीच ठेवायची आणि ओढून हातानं चाचपायची, ही यार्डातली जुनी रीत आहे. पूर्व कडेच्या सळया थंड निघाल्या. माथ्यावरच्याही. देवळीच्या डाव्या बाजूची सळई निघाली ती चटका बसून बेबीताईंच्या सोबतिणीच्या हातून खालीच पडली.

सत्तारचाचा तोवर डोझर सोडून येऊन उभे राहिले होते. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. पांढऱ्या दाढीवर कोळशाची भुकटी, डोळे सळईवर. देवळी हातानं कोरलेली नव्हती, हे प्राजक्ताला पाहताक्षणी कळलं होतं. ते डोझरच्या पात्याच्या कोपऱ्याचं काम होतं.

"बोटभरच कोरनार होतो," ते म्हणाले. "मंग फोटो मावेना. मंग अजून कोरलं. उदबत्तीले वारा लागते म्हनून अजून थोडं आत घेतलं."

"चाचा, तुम्हाला तर माहीत होतं."

"हो. मालूम होतं."

ज्या कडेला कुणी फावडं लावलं तर हा माणूस धावून जायचा, तीच त्यानं फोडली होती, आणि ज्याच्यासाठी फोडली तो असता तर आज त्यानं यार्ड डोक्यावर घेतलं असतं. प्राजक्ताच्या मनात राग आला नाही. तिच्या मनात हिशेब सुरू झाला होता, आणि तो इतका सरळ होता की सकाळपासून पहिल्यांदाच तिला मोकळं वाटलं. वारा आत गेला होता. आठवड्याभरात ही कड धुरानं भरली असती, महिन्याभरात ढिगाची राख. देवळी बुजवूनही काही थांबणार नव्हतं. तेव्हा पेटेल म्हणून उघडायचा नाही, हे तिचं सकाळचं कारण उरलंच नव्हतं. आणि कसाचं म्हणाल तर पूर्व कडेची सळई थंडगार होती, म्हणजे आतला कोळसा जसा ठेवला तसाच होता.

तिनं सत्तारचाचांना डोझर पूर्वेकडे घ्यायला सांगितलं.

"मी रचला हा," ते म्हणाले. "तोडाले दुसरा पाहा, बेटा. मले नाई जमाचं."

"दुसऱ्याला थर कुठून सुटतो ते कळणार नाही. तो कुठेही पातं घालेल आणि वारा थेट या बाजूला आणेल."

सत्तारचाचांनी मान दुसरीकडे वळवली.

"चाचा, हा ढीग आता जळणारच आहे. इथं जळेल, नाहीतर बॉयलरमध्ये जळेल. आपल्या हातात एवढंच उरलंय."

म्हाताऱ्यानं ढिगाकडे पाहिलं. मग त्यानं दाढीवरून हात फिरवला. "पूर्वेकून घ्या लागन," तो म्हणाला. "तिकून उतार हाये. गरम बाजू शेवटलोक राहू द्याची." आणि डोझरकडे चालू लागला.

बेबीताईंनी फोटो काढून पदरात घेतला. वाटीतली राख कुठं टाकायची यावर बायांत थोडी कुजबुज झाली. मग ती बाभळीच्या बुंध्याशी गेली.

प्राजक्तानं तायड्यांना फोन लावला. सकाळी दिलेलं उत्तर चुकीचं होतं, असं तिनं पहिल्याच वाक्यात सांगितलं. देवळीचं ऐकून तायड्यांच्या तोंडून आधी एक अस्सल वऱ्हाडी शिवी निघाली, आणि मग त्यांनी विचारलं ते नेमकं होतं: पट्ट्याची हमी कोण घेणार. ती म्हणाली, मी. पट्ट्याच्या प्रत्येक वळणावर माणूस आणि पाण्याचा पाइप ठेवते, गरम कड वेगळी काढून मोकळ्यावर पसरवते, थंड झाल्याशिवाय त्यातला एक खडा वर जाणार नाही. तायडे म्हणाले, करा.

दुपारभर डोझर चालला. पात्याखाली कड सुटली तेव्हा आतला कोळसा बाहेरच्यासारखा मळकट निघाला नाही; काळाभोर, कडेनं चकाकणारा निघाला. कापलेल्या भिंतीत थर स्पष्ट दिसत होते, एकावर एक, सरळ, दोरी धरून ओढल्यासारखे. प्राजक्ता पाणी प्यायला थांबली होती. थर बघता बघता तिला एक थर बाकीच्यांहून जाड दिसला. चांगला दीडपट. तिनं सत्तारचाचांना खुणेनं थांबवलं आणि तो दाखवला.

ते डोझरवरूनच हसले. त्या दिवशी साहेब नव्हते, त्यांनी सांगितलं. तुझा बारावीचा पेपर होता, तुले घिऊन अकोल्याले गेले होते. म्या एकट्यानं टाकला, जाड पडला.

"आणि बाबांनी चालवून घेतला?"

"कायचं वं. संध्याकाळी आले तसेच, कपडे बी न बदलता. अंधार पडेलोक फिरवाले लावला मले त्याच्यावर."

त्या संध्याकाळची तिला आठवण होती, पण निराळी. भौतिकशास्त्राचा पेपर अवघड गेला होता आणि बाबा घरी सोडून लगेच निघून गेले, याचा तिला राग आला होता. ती त्या जाड थराकडे पाहत उभी राहिली. किती वेळ, हे तिच्या लक्षात आलं नाही. सत्तारचाचांनी इंजिन चालू ठेवून वाट पाहिली. मग तिनं हात वर करून पुढे या म्हणून खूण केली आणि पात्यानं तो थर बाकीच्यांबरोबर खाली आणला.

कोळसा यार्डातल्या हॉपरमध्ये पडत होता, तिथून पट्ट्यावर, क्रशरमधून बंकरमध्ये. जुना कोळसा कसा जळतोय ते कंट्रोल रूममधून दर थोड्या वेळानं कळत होतं. पहिल्यांदा ज्योत जरा चाळवली, त्यांनी तेलाचा आधार दिला, मग तेल काढून घेतलं. ज्योत ठीक होती. तिकडच्या पोरानं विचारलं की मॅडम, हा कुठल्या खाणीचा माल, रोज का येत नाही.

सूर्य बाभळींच्या मागे गेला तसं भार प्रेषण केंद्रानं भार चढवायला सांगितलं. सौर वीज ओसरत होती आणि आकडा दर मिनिटाला वर मागितला जात होता. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या वळणावरचा माणूस ओरडला. पट्ट्यावर एक डोक्याएवढं ढेकूळ होतं, कडेनं पांढरट, मध्ये लालसर. थंड बाजूतलं वाटून ते आलं होतं.

प्राजक्तानं पट्ट्याच्या कडेची आणीबाणीची दोरी ओढून पट्टा थांबवला. बंकरमध्ये किती आहे हे तिला पाठ होतं, आणि थांबलेल्या पट्ट्याचा प्रत्येक क्षण त्यातून वजा होत होता. कंट्रोल रूमचा फोन लगेच वाजला. थांबवलाय, मीच थांबवलाय, असं सांगून तिनं तो ठेवला. ढेकूळ फावड्यानं उचलून बाहेर फेकलं गेलं. माणसं म्हणाली, निघालं, चालू करा. ती नाही म्हणाली. तिनं ढेकळाच्या पुढचा आणि मागचा पट्टा स्वतः चालत, हाताचा पंजा कोळशावर धरून तपासला. वळणापासून वळणापर्यंत. मग रबरावर पाणी मारून घेतलं. मग दोरी सोडली. कंट्रोल रूमला तोवर घाम फुटला होता. भार मात्र त्यांना एकदाही खाली आणावा लागला नाही.

आईचा फोन आला तेव्हा प्राजक्ता हॉपरच्या कठड्याला टेकून उभी होती. मैनाबाई रोज याच वेळी फोन करत. लाइट आहे का तुमच्याकडे, असं प्राजक्तानंच आधी विचारलं.

"हाये. मघा एकदा मिचमिचली. खालच्या क्लासची पोट्टी खूश होऊन ओरडली, लगेच आली तशी गप बसली." राजापेठेतल्या त्या इमारतीत खाली शिकवणीचे वर्ग होते. "काहून, काय झालं?"

प्राजक्तानं सांगितलं. वादळ, मालगाड्या, देवळी, सगळं. आईला ढीग माहीत होता. कॉलनीतल्या सगळ्या बायांनाच माहीत होता.

"सगळा घेशीन?"

"अर्धा पुरेल बहुतेक. उद्या दुपारी गाडी येतेय."

"अर्धा ठेवू नको," मैनाबाई म्हणाल्या. "सगळा घे. अर्धा ठेवशीन तं लोकं पुन्हा फोटो लावतीन."

प्राजक्ताला हसू आलं. आईही हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला, तो दोघींनीही ऐकला. मग आईनं जेवली का म्हणून विचारलं. प्राजक्तानं खरं ते सांगितलं. मग बराच वेळ आई बोलत राहिली, महादेवरावांचं नाव न घेता: घरात त्या हिवाळ्यात धुतलेले कपडे कसे काळे निघायचे, पायपुसणं दर आठवड्याला कसं फेकावं लागायचं, आणि एक माणूस रात्री झोपेत कसा थर मोजायचा. प्राजक्ता ऐकत राहिली. समोर डोझर येत होता, जात होता.

मालगाडी दुपारी आली नाही. रेल्वेनं संध्याकाळ सांगितली, ती पुढच्या सकाळवर गेली. अर्ध्याचा प्रश्न आपोआप मिटला. दुसऱ्या दिवशी मोकळ्यावर पसरलेली गरम कडही निवली आणि खडा खडा तपासून वर गेली. दुसऱ्या संध्याकाळीही भार चढला आणि टिकला. अकोल्यात एका भागात रोहित्र जळालं आणि तिथले लोक केंद्राच्या नावानं ओरडले, पण तो दोष केंद्राचा नव्हता. बाकी मूर्तिजापूर, अचलपूर, चांदूर बाजार, वरूड, सगळीकडे पंखे फिरत राहिले, आणि ते कशानं फिरले याची कुणी चौकशी केली नाही. प्राजक्ताला ते बरोबरच वाटलं. विजेचं असंच असायला हवं.

तिसऱ्या सकाळी गाडी आत आली, तेव्हा उत्तरेच्या टोकाला नुसती काळी सपाट जमीन होती. तायडे स्वतः यार्डात आले होते, दुपट्टा आज खांद्यावर. नागपूरला त्यांनी काय कळवलं ते त्यांनी थोडक्यात सांगितलं; त्यात देवळीचा उल्लेख नव्हता. मग ते म्हणाले की गाडीतला सगळा माल थेट बंकरला घ्या, यार्डात काही उतरवू नका.

प्राजक्ता म्हणाली की शेवटचे काही डबे तिला यार्डात हवेत. या गाडीचे आणि पुढच्या प्रत्येक गाडीचे, थोडे थोडे.

"आता? आता तर रेल्वेची वाट मोकळी झाली," तायडे म्हणाले. "वरून विचारतील, जळण पाहिजे तिथं देण्याऐवजी जमिनीवर कशाला ठेवता. मी काय सांगू?"

"परवाचा भाराचा आलेख दाखवा. संध्याकाळचा. आणि त्याखाली लिहा, यार्डात हे नसतं तर काय झालं असतं."

तायड्यांनी तिच्याकडे बघितलं. दोन दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काजळी बसली होती, धुऊनही न गेलेली. त्यांनी डबे किती ते विचारलं नाही. "झेपेल तेवढे घ्या," म्हणाले आणि गाडीकडे गेले.

सत्तारचाचांनी डोझर सवयीनं उत्तरेकडे वळवला होता. प्राजक्तानं त्यांना हाक मारून थांबवलं आणि ती हॉपरच्या जवळच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. इथं, ती म्हणाली.

"इथी?" ते खाली उतरले. त्यांना ते पटलं नव्हतं. "साहेबानं तिथंच ठेवला होता."

"तिथून हॉपर फार लांब पडतं. दोन दिवस डोझरचा अर्धा वेळ जाण्या-येण्यात गेला. परवा संध्याकाळी पट्टा थांबवला तेव्हा जवळ ढीग असता तर मला एवढी भीती वाटली नसती."

तिला भीती वाटली होती, हे त्यांनी आत्ता ऐकलं. त्यांनी कमरेवर हात ठेवून जागा न्याहाळली, उतार पाहिला, पावसाचं पाणी कुठून जाईल ते पाहिलं. "मीबी विचारलं होतं साहेबाले, एवढ्या लांब काहून," ते म्हणाले. "म्हने, जवळ ठेवला तं लोकं रोज त्याच्यातूनच खातीन. आळस येते मानसाले. वाईट दिवस येईलोक काईच राहनार नाई."

प्राजक्तानं त्यावर विचार केला. म्हणणं खोटं नव्हतं. पुढची पाळी, घाईची रात्र, रिकामं यार्ड आणि हाताशी तयार कोळसा. कुणीतरी पातं घालणारच. तिनं उत्तरेकडच्या काळ्या जमिनीकडे पाहिलं, मग हॉपरकडे.

"बरोबर होतं त्यांचं," ती म्हणाली. "पण ढीग इथंच होईल. लक्ष मी ठेवीन."

सत्तारचाचा डोझरवर चढले. शेवटचे डबे यार्डात उतरायला सुरुवात झाली होती आणि धूळ पांढऱ्या उन्हात वर जात होती. प्राजक्ता मागे सरली, थराची हातभर जाडी दाखवायला हात कोपरात दुमडून धरला, आणि पातं खाली आलं.